आधी रस्त्याने बोलावं

प्रत्यारोपणासाठी अवयव घेऊन जाणारी रुग्णवाहिका भर गर्दीतून कशी जाते, हे मी पुण्यातल्या एका चौकात उभं राहून पाहिलं आहे. गाडी दिसायच्या चार-पाच मिनिटं आधी वाहतूक हवालदाराचा वॉकीटॉकी खरखरला. त्यातला ‘निघाली’ एवढाच शब्द मला नीट ऐकू आला. हवालदाराने कोपऱ्यातल्या सिग्नलच्या लोखंडी पेटीचं दार उघडलं, आतलं बटण दाबून सिग्नल आपल्या हाती घेतला, बाकीच्या बाजू लाल केल्या आणि मध्येच अडकलेल्या दोन रिक्षा शिट्ट्या मारत पुढे काढल्या. रुग्णवाहिका आली आणि एकदाही ब्रेक न दाबता निघून गेली. ती दिसेनाशी व्हायच्या आत त्याने पुढच्या चौकाला कळवलं होतं, ‘पास झाली.’

याला आपण ग्रीन कॉरिडॉर म्हणतो. गाडीने चौकाला ‘मी येतेय’ असं कळवलं, चौकाने वाट मोकळी केली आणि पुढच्या चौकाला सावध केलं. हा गाडीचा आणि रस्त्याचा बिनतारी संवादच आहे, फक्त तो माणसांच्या तोंडून होतो. त्यासाठी प्रत्येक चौकात पोलीस लागतो, आधी नियोजन लागतं, म्हणून तो एखाद्या हृदयासाठी किंवा यकृतासाठीच होऊ शकतो. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला नेणारी साधी रुग्णवाहिका मात्र रोज त्याच चौकात सायरन वाजवत उभी असते.

हेच काम यंत्रांनी, प्रत्येक रुग्णवाहिकेसाठी, प्रत्येक बससाठी आणि शेवटी प्रत्येक गाडीसाठी करावं, यासाठी जगभर पन्नास वर्षांहून अधिक काळ प्रयत्न चालू आहेत. त्यांचा आढावा घेताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. यातला रेडिओचा प्रश्न बराच आधी सुटला आहे. घोडं अडलं आहे ते आधी कोणी बोलायचं यावर. माझ्या मते आधी रस्त्याने बोलावं, आणि ज्यांच्याकडे कुठलंही यंत्र नाही त्यांच्या वतीनेही बोलावं.

बोलायचं काय?

या संवादाला दोन टोकं असतात. गाडीत असतं ते ऑन बोर्ड युनिट आणि सिग्नलच्या खांबावर किंवा महामार्गाच्या कमानीवर बसवतात ते रोडसाइड युनिट. गाडी सेकंदाला साधारण दहा वेळा सांगत राहते: मी इथे आहे, या दिशेने, या वेगाने चालले आहे, आत्ता ब्रेक दाबला आहे. चौक दोन गोष्टी सांगतो. एक त्याचा स्वतःचा नकाशा, म्हणजे लेन किती आणि कोणत्या लेनमधून कुठे वळता येतं. दुसरी सिग्नलची स्थिती: आत्ता हिरवा आहे आणि अजून किती सेकंद राहील. त्याशिवाय प्रसंगानुसार इशारे असतात. पुढे ट्रक बंद पडलाय, रस्त्याचं काम चालू आहे, वळणापलीकडे गाड्या थांबल्या आहेत.

ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापते. घरातल्या वायफायला जोडून घ्यायला मोबाइल दोन-तीन सेकंद घेतो. तेवढा वेळ गाडीने घेतला तर ती ओळखपाळख होईपर्यंत ८० मीटर पुढे गेलेली असेल. म्हणून वायफायच्याच घराण्यातून गाड्यांसाठी एक वेगळं मानक तयार झालं. ८०२.११-पी नावाचं हे मानक २०१० साली मंजूर झालं. त्यात आधी जोडून घेण्याचा सोपस्कार नाही, जो पल्ल्यात असेल त्याने ऐकावं. वायफायच्या नेहमीच्या २० मेगाहर्ट्‌झच्या जागी १० मेगाहर्ट्‌झची वाहिनी घेतली, त्यामुळे संदेशातलं प्रत्येक चिन्ह दुप्पट वेळ टिकतं, आणि इमारतींवर, ट्रकच्या पत्र्यावर आपटून येणारे प्रतिध्वनी त्यात मिसळून ते पुसट होत नाही. मोकळ्या रस्त्यावर ३०० मीटरचा पल्ला सहज मिळतो. शंभरच्या वेगाला हे सुमारे अकरा सेकंद झाले. अकरा सेकंद आधी कळलं तर चालक सावकाश ब्रेक दाबू शकतो.

इथे कोणीही विचारेल की हातातला मोबाइल रस्त्यावरची कोंडी दाखवतोच, मग खांबावर वेगळी पेटी कशाला? मोबाइल जे दाखवतो ते बऱ्याच गाड्यांच्या हालचालींवरून काढलेलं चित्र असतं. कुठला रस्ता घ्यावा हे ठरवायला ते पुरेसं आहे. पण उभ्या बसच्या पुढून आत्ता या क्षणी एक मूल रस्त्यावर आलं, हे त्यातून कळणार नाही. शिवाय घाटात मोबाइलची रेंज नेमकी वळणावर जाते, हे आपल्याला सांगायला नको. कॅमेरा आणि रडार गाडीतच बसवता येतात, पण त्यांना समोर दिसेल तेवढंच कळतं. आडोशापलीकडचं कळवायचं असेल तर पलीकडे कोणीतरी उभं असावं लागतं, आणि तिथे कायम उभा असतो तो रस्ताच.

जिथे पैसा होता तिथे

ही कल्पना घरगुती संगणकाच्या युगाहूनही जुनी आहे. अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या अखेरीस एक मार्गदर्शन यंत्रणा करून पाहिली गेली. चालकाने गाडीत मुक्कामाचा सांकेतिक आकडा फिरवून लावायचा, आणि चौकात रस्त्याखाली पुरलेल्या तारांच्या वेटोळ्याने त्याला कुठे वळायचं ते सांगायचं. प्रत्येक चौक खणायचा खर्च पाहून ती गुंडाळली गेली. जपानने १९७३ ते १९७९ या काळात टोकियोत अशीच चाचणी केली, पण तिथून मागे न फिरता पुढे १९९६ साली व्हिक्स ही सेवा सुरू केली. द्रुतगती मार्गांवर रेडिओ लहरींचे प्रक्षेपक, शहरातल्या रस्त्यांवर अवरक्त किरणांचे प्रक्षेपक आणि एफएम रेडिओ, अशा तिहेरी वाटेने गाडीतल्या पडद्यावर कोंडीची माहिती येऊ लागली.

पण हा संवाद खऱ्या अर्थाने रुजला तो टोलमुळे. सिंगापूरने सप्टेंबर १९९८मध्ये कमानींखालून न थांबता पैसे कापणारी यंत्रणा लागू केली. जपानचा बिनथांबा टोल २००१ साली सुरू झाला. यातून मला दिसतं ते असं: जिथे रस्त्याला पैसे मिळणार होते, तिथे रस्ता लवकर बोलायला शिकला. जिथे फक्त जीव वाचणार होता, तिथे तो रखडला. टोलच्या यंत्रणेचा खर्च निघतो, ती बंद पडली तर त्याच दिवशी दुरुस्त होते. इशारा देणारी पेटी बंद पडली तर महिना महिना कोणाला कळतसुद्धा नाही.

आपला फास्टॅग याच वंशातला. काचेवरचा तो टॅग उजेडासमोर धरला तर मध्ये मोहरीएवढी चिप आणि दोन्ही बाजूंना पसरलेली धातूची पातळ पट्टी दिसते. त्यात बॅटरी नसते. नाक्यावरच्या छतावरून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झच्या लहरी येतात, त्यांच्याच ऊर्जेवर ती चिप क्षणभर जागी होते आणि त्याच लहरी आपल्या क्रमांकानुसार कमी-जास्त परतवते. एवढंच तिचं बोलणं. बाकीचं सगळं, म्हणजे खातं शोधणं आणि पैसे कापणं, मागच्या संगणकांत होतं. नंदन नीलेकणी यांच्या समितीने २०१० साली हे स्वस्त तंत्र सुचवलं आणि फेब्रुवारी २०२१पासून राष्ट्रीय महामार्गांवर ते सक्तीचं झालं. स्वस्त होतं म्हणूनच ते ट्रकपासून टॅक्सीपर्यंत पोचलं. पण फास्टॅगचं बोलणं एकतर्फी आहे. नाका विचारतो ‘तू कोण’, गाडी नाव सांगते आणि संवाद संपतो. पुढे दोन किलोमीटरवर अपघात झालाय, हे नाका गाडीला सांगू शकत नाही.

एका पट्ट्यावरचं भांडण

सुरक्षेच्या संवादासाठी अमेरिकेने १९९९ साली ५.९ गिगाहर्ट्‌झजवळचा ७५ मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा राखून ठेवला. युरोपने २००८ साली त्याच भागात ३० मेगाहर्ट्‌झ दिले. जागा मिळाली, मानक ठरलं, आता गाड्या बोलू लागतील असं वाटत होतं. जानेवारी २०१७मध्ये अमेरिकेने प्रत्येक नव्या मोटारीत हे यंत्र सक्तीचं करण्याचा प्रस्तावही मांडला.

त्याच वर्षी दुसरा गडी मैदानात आला. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्यांनी आपल्या तंत्रातून गाड्यांसाठी थेट संवादाची पद्धत काढली. हिला सी-व्ही-टू-एक्स म्हणतात. तिलाही सिमकार्ड किंवा टॉवर लागत नाही, गाडी थेट गाडीशी किंवा खांबाशी बोलते. दोन्ही पद्धतींचं काम एकच, पण एकीचं बोलणं दुसरीला कळत नाही. दोन गावांनी एकाच नदीवर दोन बाजूंनी पूल बांधायला घ्यावा आणि ते मध्ये जुळू नयेत, तसं झालं. टोयोटाने अमेरिकेत वायफायच्या वाटेने जाण्याची २०१८ साली केलेली घोषणा पुढच्याच वर्षी थांबवली. फोक्सवॅगनने मात्र २०१९च्या गोल्फमध्ये तेच तंत्र बसवून गाडी बाजारात आणली. युरोपीय आयोगाने त्याच तंत्राला झुकतं माप देणारा नियम आणला, तो सदस्य देशांनी जुलै २०१९मध्ये फेटाळला. चीनने २०१८ सालीच मोबाइलच्या वाटेसाठी २० मेगाहर्ट्‌झ देऊन टाकले होते.

अखेर नोव्हेंबर २०२०मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने त्या ७५पैकी ४५ मेगाहर्ट्‌झ साध्या वायफायला दिले आणि उरलेले ३० सी-व्ही-टू-एक्ससाठी ठेवले. सक्तीचा प्रस्ताव २०२३ साली मागे घेतला गेला. वीस वर्षं राखून ठेवलेली जमीन कसली नाही, म्हणून ती दुसऱ्याला गेली. यात तंत्रज्ञांचा दोष फारसा नाही. दोन्ही पद्धती चालत होत्या. कोणतीही एक आधीच निवडली असती आणि पेरणी केली असती, तर आज पीक हाती असतं.

जिथे जमलं

तरीही काही ठिकाणी हे काम चाललं, आणि ती ठिकाणं पाहण्यासारखी आहेत. अमेरिकेच्या युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीच्या रेडवूड रोडवर २०१७पासून बस आणि सिग्नल एकमेकांशी बोलतात. बस वेळापत्रकाच्या मागे पडली असेल तरच ती सिग्नलकडे वाट मागते, आणि सिग्नल हिरवा थोडा लांबवतो. वेळेवर असेल तर ती गप्प राहते. हे गप्प राहणं मला फार आवडलं. हक्क आहे म्हणून प्रत्येक वेळी वाट मागितली तर आडव्या रस्त्यावरच्यांनी किती थांबायचं?

वायोमिंग राज्यातून जाणाऱ्या सुमारे ६५० किलोमीटरच्या महामार्गावर बर्फ आणि ट्रक उलटवणारा वारा हा प्रश्न होता. तिथे रस्त्याकडेच्या यंत्रांनी पुढच्या हवामानाचे इशारे ट्रकच्या केबिनमध्ये पोचवले. टँपा शहरात एक उन्नत मार्ग सकाळी शहराकडे आणि संध्याकाळी शहराबाहेर असा दिशा बदलून चालतो, तिथे उलट्या बाजूने शिरणाऱ्या चालकाला सावध करण्याचा प्रयोग झाला. न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींमुळे जीपीएसचा अंदाज चुकत होता, आणि तो सावरायला रस्त्याकडेच्याच यंत्रांची मदत घ्यावी लागली.

पण आपल्यासाठी सगळ्यात मोलाचं उदाहरण जपानचं आहे, कारण तिथेही आपल्यासारखंच डाव्या बाजूने गाडी चालवतात. तिथे २०१५पासून ७६० मेगाहर्ट्‌झवर एक सेवा चालू आहे. लहरी जितक्या लांब, तितक्या त्या कोपऱ्यावरून जास्त वळतात, म्हणून हा खालचा पट्टा चौकांसाठी सोयीचा. आता प्रसंग असा पाहा. तुम्ही चौकात उजवीकडे वळायला थांबला आहात. समोरून वळणाऱ्या बसमुळे पलीकडचं काही दिसत नाही. बसच्या मागून कोणी सरळ येतंय का? ज्या रस्त्याला वळायचंय तिथे कोणी पायी ओलांडतंय का? जपानमध्ये अशा काही चौकांत खांबावरचा संवेदक येणारी गाडी आणि चालणारा माणूस या दोघांनाही पाहतो आणि थांबलेल्या गाडीला कळवतो. येणाऱ्या गाडीत यंत्र नाही, चालणाऱ्याच्या खिशात काही नाही, तरी त्यांची खबर पोचते. त्यांच्या वतीने रस्ता बोलतो.

दहा टक्क्यांचं गणित

आधी रस्त्याने बोलावं असं मी का म्हणतो, ते एका साध्या गणितातून स्पष्ट होईल. समजा शंभरातल्या दहा गाड्यांत हे यंत्र आहे. रस्त्यात कोणत्याही दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर दोघींकडे ते असण्याची शक्यता दहाचे दहा टक्के, म्हणजे शंभरात एक. नव्व्याण्णव वेळा ते यंत्र मुकं राहणार. मग गिऱ्हाईक त्यासाठी जादा पैसे कशाला देईल, आणि कंपनी ते कशाला बसवेल?

आता चौकात रस्त्याकडेची पेटी बसवा. त्या चौकात येणाऱ्या दहाही गाड्यांना पहिल्या दिवसापासून उपयोग होतो. शंभरात एक होतं ते शंभरात दहा झालं. आणि पेटीला डोळे दिले, म्हणजे संवेदक जोडला, तर उरलेल्या नव्वद गाड्यांची खबरही त्या दहांना मिळते. पहिली गुंतवणूक सार्वजनिक असावी लागते, ती यासाठी. पाणपोई आधी बांधायची असते, वाटसरू मग थांबतात.

खरं कोण बोलतंय?

या संवादाला एक नाजूक बाजू आहे. कोणी खोडसाळपणे ‘पुढे अपघात’ असा खोटा संदेश सोडला आणि वीस गाड्यांनी एकदम ब्रेक दाबले तर? म्हणून प्रत्येक संदेशावर गणिती सही असते, आणि सही करण्याचा परवाना, म्हणजे प्रमाणपत्र, विश्वासू यंत्रणेकडून मिळतं. पण एकच सही कायम राहिली, तर रस्त्यातले खांब मोजून कोणी कधी कुठे गेलं, याचा माग काढता येईल. यावर उपाय म्हणून गाडीला टोपणनावांची प्रमाणपत्रं देतात आणि ती सतत बदलत राहतात. अमेरिकेतल्या आराखड्यात एका आठवड्यासाठी वीस प्रमाणपत्रांची योजना होती, आणि ती देणाऱ्या यंत्रणेचे मुद्दाम असे तुकडे पाडले होते की कोणा एकाला गाडी आणि टोपणनाव यांची जोडी लावता येऊ नये.

ही काळजी आपण सुरुवातीलाच घ्यायला हवी. फास्टॅगला गाडीचं नाव माहीत असणं भागच आहे, पैसे कापायचे असतात. धोक्याच्या इशाऱ्याला मात्र नावाची गरज नाही. पुढे कोणीतरी थांबलंय एवढं पुरे, कोण थांबलंय याच्याशी मागच्याला कर्तव्य नाही.

आपला रस्ता

भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. महाराष्ट्रात १५ हजारांहून अधिक. देशभरच्या मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे आणि १९ टक्के पायी चालणारे होते. म्हणजे शंभरातले साठहून अधिक जण अशा गटातले, ज्यांचा वरच्या बहुतेक यंत्रांनी मुळात विचारच केलेला नव्हता. परदेशातला आराखडा जसाच्या तसा उचलला, तर महागड्या मोटारी एकमेकींशी बोलतील आणि मधून जाणारा डिलिव्हरीवाला मुलगा त्या संभाषणात कुठेच नसेल. आपल्याकडे रस्त्याने बोलायचं तर आधी त्या मुलासाठी बोललं पाहिजे.

साहित्य आपल्याकडे बरंच आहे. वाहनांची मानकं प्रसिद्ध करणारी एआरएआय ही संस्था पुण्याच्या टेकडीवर १९६६पासून काम करते. तिने प्रसिद्ध केलेल्या एआयएस-१४० या मानकानुसार २०१९पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठिकाण कळवणारं यंत्र आणि संकटाचं बटण बसतं. ते यंत्र नियंत्रण कक्षाशी बोलतं, पण समोरच्या चौकाशी नाही. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचं मुख्यालय पुण्यात आहे आणि तिच्या तिरुवनंतपुरम केंद्राने गर्दीनुसार सिग्नलची वेळ बदलणारी देशी प्रणाली केव्हाच तयार केली आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा चालू आहे. ती वेग मोजते, लेन तोडणारा टिपते आणि दंडाची पावती पाठवते. तेच कॅमेरे बोरघाटात बंद पडलेला ट्रक पाहतात. तो दिसल्याच्या दुसऱ्या सेकंदाला मागच्या वळणावरच्या चालकाला कळणं, हे त्या कॅमेऱ्याचं पावतीहून मोठं काम ठरेल.

हे आपल्याला जमणार नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी रुळांकडे पाहावं. रेल्वेच्या कवच यंत्रणेत रुळांमध्ये स्लीपरवर टॅग बसवलेले असतात, इंजिन त्यांवरून आपलं ठिकाण ओळखतं, आणि स्थानकातल्या यंत्राशी रेडिओवरून बोलतं. पुढचा सिग्नल लाल असून चालकाने ब्रेक लावला नाही, तर यंत्रणा स्वतः लावते. दक्षिण मध्य रेल्वेच्या ज्या मार्गांवर कवच सुरुवातीला बसलं, त्यांत मनमाडहून परभणी-नांदेडकडे जाणारा पट्टा आहे. म्हणजे मराठवाड्यातला लोहमार्ग इंजिनाशी बोलतो, आणि त्याला समांतर जाणारा डांबरी रस्ता अजून मुका आहे. रेल्वेचं काम सोपं होतं असं मी म्हणणार नाही. पण रूळ, सिग्नल आणि इंजिन तिथे एकाच घरचे होते. रस्त्यावर खांब एकाचा, पेटी दुसऱ्याची, वीज तिसऱ्याची आणि गाडी चौथ्याची असते.

म्हणून सुरुवात अशा ठिकाणी व्हावी जिथे दोन्ही टोकं सरकारच्याच हातात आहेत. रुग्णवाहिका आणि शहरातले चौक. एसटी आणि शहरांच्या बस. घाटातली वळणं. समृद्धी महामार्गावरचा इगतपुरीजवळचा सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा, जिथे उपग्रहाचा संकेत पोचत नाही. चौकात संवेदक बसवताना त्याची पहिली कसोटी ही असावी की तो हेल्मेट घातलेला दुचाकीस्वार आणि शाळेचं दप्तर घेतलेलं मूल, या दोघांना रात्री आणि पावसात ओळखतो का. ज्यांच्या गाडीत यंत्र नाही त्यांच्यासाठी इशारा खांबावरच्या साध्या पिवळ्या दिव्यातूनही देता येतो. कंत्राटात यंत्राच्या किमतीइतकीच दहा वर्षांच्या देखभालीची ओळ ठळक असावी. आणि पद्धत एकच निवडावी, ती निवडून टिकवावी. दोन पद्धतींच्या भांडणात वीस वर्षं कशी जातात, हे आपण वर पाहिलं.

त्या चौकातून मी नंतर अनेकदा गेलो आहे. सिग्नलची ती लोखंडी पेटी तिथेच आहे. तिच्यावर क्लासच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात, दाराची कडी तारेने बांधलेली असते. परवा एक रुग्णवाहिका तिच्यापासून दहा पावलांवर अडकली होती. सायरन चालू होता आणि आत कोणीतरी सलाइनची बाटली हाताने उंच धरून उभं होतं. पुढे सिग्नलवर ५८चा आकडा लागला होता. मग ५७, मग ५६. हवालदार त्या वेळी चौकात नव्हता, आणि त्या पेटीला कोणी ‘निघाली’ असं सांगितलं नव्हतं.